सुनेची चाल

शहापूरच्या दवाखान्यात व्यायामाच्या खोलीबाहेर एक लांब व्हरांडा होता. खाली गुळगुळीत फरशी, एका बाजूला धरायला लोखंडी दांडा. हर्षाली मॅडम व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि अक्षदाला म्हणाल्या, चप्पल काढा, दांड्याला हात न लावता माझ्याकडे चालत या. हाड मोडून ऑपरेशन झालेल्या माणसांना पुन्हा चालतं करायचं, हे त्यांचं काम. बाकड्यावर टेकलेल्या सकुबाईने सहज मान वळवली आणि तिचा सुपारी चघळणारा जबडा जागीच थांबला.

तिची सून चालत गेली. मान ताठ, नजर समोर, हात दोन्ही बाजूंना मोकळे. वळली आणि तशीच परत आली. जरा घाईत होती एवढंच, पण लंगडणं कुठे दिसलं नाही.

सकुबाईला वाटलं, ही आपली सून नव्हेच. याच सुनेला सकाळी घरासमोरच्या घसरणीवरून खाली आणताना तिचा जीव मेटाकुटीला आला होता. काठी रोवत, उजवा पाय आडवा टाकत, मधेमधे सासूच्या खांद्यावर भार देत अक्षदा रस्त्याला लागली होती. एसटीच्या पायरीवर कंडक्टरने हात दिला तेव्हा कुठे वर चढली. किन्हवली सोडल्यावर मळमळतंय म्हणून तिने पर्समधून एक गोळी काढून गिळली आणि शहापूर येईपर्यंत डोळे मिटून बसली. आणि आता फरशीवर पाहावं तर ही अशी.

मॅडमनी तिला टाचांवर चालायला सांगितलं. अक्षदा थोडी चालली आणि थांबली. एका पायावर उभं राहा म्हटल्यावर म्हणाली, सकाळपासून उपाशी आहे, चक्कर येते. उकिडवं बसा म्हटल्यावर म्हणाली, पोटात दुखतंय. मॅडमनी फार ताणलं नाही. तिला खाटेवर बसवून तिचा तळवा हाताने वर ढकलून पाहिला, घोट्याभोवती बोटं फिरवली आणि मग त्या सकुबाईकडे वळल्या.

"मावशी, घरीपण अशाच चालतात का या?"

अक्षदाने झटकन सासूकडे पाहिलं. ती नजर सकुबाईने ओळखली, निदान तिला तसं वाटलं. चोरी उघडी पडणार म्हणून धास्तावलेल्या माणसाची नजर होती ती.

"बरी चालते," सकुबाई म्हणाली.

सुनेवर दया आली म्हणून ती असं म्हणाली नव्हती. परक्या बाईसमोर बोलून काय हाती लागणार, असा तिचा हिशोब होता. जे काय आहे ते आधी नीट पकडायचं आणि मुलासमोर ठेवायचं.

मॅडम म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात या, आणखी एकदा बघते, मग लिहून देते. सकुबाई पिशवी उचलून बाहेर आली, पण अक्षदा मागे राहिली. दारातून पाहिलं तर ती मॅडमशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती, अगदी हात जोडून. सकुबाई परत फिरून आत गेली तशा दोघी गप्प झाल्या.

स्टँडकडे जाताना तिने विचारलं, काय लिहून देणार आहे ती बाई. अक्षदा म्हणाली, व्यायामाचं. गोळीचा अंमल उतरत चालला असावा, पण ते सकुबाईला कसं कळणार? तिला एवढंच दिसलं, की दवाखान्यात सरळ चालणारा पाय एसटीतून उतरल्यावर परत वाकडा पडू लागला. घसरण चढताना ती मुद्दाम मागे राहिली आणि सुनेच्या पायांवरून तिने डोळे हटवले नाहीत.

संशय काही आकाशातून पडला नव्हता. सकुबाईचा नवरा वारला तेव्हा घरात दोन मुलगे होते. थोरला अनंता, त्याची बायको सारिका. सारिकाची पाठ दुखायला लागली, विहिरीचं पाणी ओढवेना, म्हणून थोडे दिवस टिटवाळ्याला राहतो म्हणून दोघं गेली ती गेलीच. आता गौरीगणपतीला येतात, पाहुण्यांसारखी. पाठ कधीच बरी झाली म्हणे. राहिला धाकटा साईनाथ. वासिंदच्या गोदामात कामाला. त्याची बायको मुरबाडकडची, शिकलेली, खालच्या वाडीतल्या अंगणवाडीत सेविका. श्रावणात अंगणवाडीतून घरी येताना शेवाळलेल्या कातळावरून ती घसरली आणि उजव्या घोट्याची दोन्हीकडची हाडं मोडली. माणसांनी खुर्चीत बसवून तिला रस्त्यापर्यंत नेलं, तिथून जीपने शहापूर, तिथून कल्याण. ऑपरेशन झालं, पायात प्लेट आणि स्क्रू बसले. भातकापणी आली, झोडणी झाली, शेतात वाल पेरून झाले, सगळं सकुबाईने एकटीने ओढलं आणि त्याबद्दल तिने तोंडातून ब्र काढला नाही. मोडलेला पाय तिने डोळ्यांनी पाहिला होता. त्यात खोटं काय असणार?

पण प्लास्टर निघालं, थंडी पडली, आणि एके दिवशी साईनाथ पडवीत कोणाशीतरी फोनवर बोलताना तिने ऐकलं: "डॉक्टर नाय बोलले तर खोली घ्यायचीच. शहापूरलाच. तिला ही चढण नाय झेपायची." तेव्हापासून सकुबाईच्या मनात पाल चुकचुकत होती. अक्षदा मुरबाडला आईशी फोनवर बोलायची ती पण आवाज खाली करून, आणि सासू जवळ आली की विषय बदलायची. थोरलीची पाठ, धाकटीचा पाय, असं सकुबाई मनाशी म्हणायची आणि चुलीत लाकूड जरा जोरातच सारायची.

शेजारच्या लहानीला तिने दवाखान्यातली हकीकत सांगितली. लहानीला अशा गोष्टींत भारी रस. तिने ऐकता ऐकताच उपाय काढला: ती चुलीपाशी बसली की मागून जनावर निघालं, साप आला म्हणून ओरडायचं, पळाली की समजायचं. सकुबाईला ते पटलं नाही. मोडलेल्या पायाची बाई पळताना पडली तर काय घ्या. संशय होता, पण तिचं मन तेवढं निबर झालं नव्हतं. तिला वेगळंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या झाल्यावर तिने शेण कालवलं आणि अख्खं अंगण सारवून काढलं, ओट्यापासून पार शेळ्यांच्या खुंटीपर्यंत, कुठे कोरडी जागा ठेवली नाही. मग आत डोकावून म्हणाली, मी लहानीकडे वाल निवडायला जाते, शेळीला तेवढं पाणी दाखव. आणि लहानीकडे न जाता वळसा घालून पेंढ्याच्या उडवीमागे जाऊन बसली. तिथून अंगण समोर दिसत होतं.

बराच वेळ कोणी आलं नाही. शेळी ओरडत राहिली. मग दार वाजलं आणि अक्षदा ओट्यावर आली. हातात काठी नव्हती. तिने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग खाली घसरणीवर. सापडली, असं सकुबाईच्या मनात आलं.

अक्षदा ओट्यावरून उतरली आणि लंगडत निघाली. घरच्यांसमोर लंगडायची त्याहून जास्त. मांडवाच्या खांबापर्यंत येऊन तिने त्याला मिठीच मारली आणि तिथेच थांबली. शेळीला पाणी दाखवलं. मग मात्र ती घरात गेली नाही. ओढणीचं टोक तोंडात धरून तिने मान वर केली आणि चालू लागली, ताठ, समोर बघत, अगदी दवाखान्यातल्यासारखी. ओट्यापर्यंत गेली, वळली, परत आली. पुन्हा गेली. दर फेरीला तिचा चेहरा जास्त पिळवटत होता. अखेर ओट्याच्या कडेवर बसून तिने घोटा दोन्ही हातांत धरला आणि तिची पाठ हुंदक्यांनी हलत राहिली. आवाज आला नाही. थोड्या वेळाने तिचं लक्ष अंगणाकडे गेलं असावं. ओल्या सारवणावर आपली पावलं उमटलेली पाहून ती पुसायला अक्षदा वाकू गेली, पण उकिडवं बसता येईना. तशीच भिंतीला धरून आत निघून गेली.

सकुबाई उडवीमागून उठली, अंगणाच्या कडेला आली आणि पावलं बघत उभी राहिली. डावं पाऊल पुरतं उमटलं होतं, टाच, तळवा, बोटं. उजवं मात्र पुढच्या बाजूलाच रुतलेलं, बाहेर वळलेलं. टाच कुठे नव्हतीच. ताठ चाललेल्या फेऱ्यांत मधेच कुठे टाच टेकल्यासारखी दिसत होती, आणि जिथे टेकली तिथेच पाऊल घसरलेलं.

बघायला कोणी नसताना माणूस लंगडतंय, म्हणजे पाय खरंच दुखतो. मग खोटं कुठलं? दवाखान्यातलं. पाय दुखत असताना तो दुखत नाही असं डॉक्टरीणबाईला दाखवायची ही धडपड कशासाठी? संशय मिटायच्या ऐवजी आणखीच गुंतागुंतीचा झाला.

ती आत गेली. अक्षदा चुलीपाशी स्टुलावर बसून भाजी चिरत होती.

"दवाखान्यात कोणाला फसवतेस गो?" सकुबाईने विचारलं.

अक्षदाची सुरी थांबली. तिने दारातून बाहेर सारवणाकडे पाहिलं, मग सासूच्या लुगड्याला चिकटलेल्या पेंढ्याकडे, आणि तिला काय समजायचं ते समजलं. मग बोलायला लागली ती खाली मान घालूनच. अंगणवाडीतल्या सुपरवायझर मॅडम कधीपासून विचारतायत, कधी हजर होतेस म्हणून. सध्या तिच्या जागी कुणाली बसते, खालच्या वाडीची. हर्षाली मॅडमनी पाय बरा झाला, कामाला हरकत नाही असं लिहून दिलं तर पुढच्या महिन्यात हजर होता येईल. नाहीतर सुपरवायझर मॅडम किती थांबणार? आणि शहापूरला खोली घेतली तर प्रश्नच मिटला, तिथून इथली अंगणवाडी कशी करणार?

"म्हंजे खोली तुला नको?" सकुबाईने विचारलं.

"मला? मी कशाला बोलू खोलीचं?"

"मग आईशी फोनवर काय कुजबुजत असतेस?"

"पाय दुखतो ते सांगते. तुमच्यासमोर सांगितलं तर तुमी त्याला सांगाल, मग तो खोली घेईल." अक्षदाने पहिल्यांदा मान वर केली. "तुमच्या मुलाला इचारा, आई. मला कशाला इचारता?"

सकुबाईला ते पटलं नाही. सारिका पण गोडच बोलायची. सून म्हणाली म्हणून मुलावर संशय घ्यायचा, एवढी ती भोळी नव्हती. पण उत्तर मनात सलत राहिलं, आणि साईनाथच्या सुट्टीच्या दिवशी तो जेवून ओट्यावर बसला तेव्हा तिने सरळ विषय काढला. खोली कोणाच्या डोक्यातून निघाली?

तो म्हणाला, तिच्या पायासाठी. सकुबाईने विचारलं, ती बोलली का तसं? त्यावर तो ओट्याच्या कडेचा पोपडा नखाने काढत बसला. सकुबाईने त्याला लहानपणापासून पाहिलं होतं. काही लपवायचं असलं की त्याचे हात असे कुठेतरी चाळा करत राहायचे.

"आई, मला रोजचं हे होत नाय," तो शेवटी म्हणाला. "ड्युटी सुटते तेव्हा एसटी नसते. कोणाच्यातरी मागे बसून किन्हवलीपर्यंत यायचं, मग पुढे चालत. पावसात तर बघायला नको. तुला कसा सांगणार? अनंता गेला तवा तू किती दिवस जेवली नव्हतीस. पायाचं कारण होतं, तर मला वाटलं…"

खोली त्याने पाहूनसुद्धा ठेवली होती, दवाखान्याच्या जवळच.

तो दिवस सकुबाईने वालाच्या वाफ्यात काढला. तण काढायचं निमित्त, पण हात चालत होते आणि डोकं दुसरीकडेच होतं. आपण इतके दिवस सुनेच्या पायांवर डोळे ठेवून होतो, आणि घरातून निघायची तयारी चालली होती ती मुलाची. राग कोणावर काढायचा तेच तिला कळेना. मुलावर काढावा तर त्याची दमछाक तिला रोज दिसत होती. सुनेवर काढावा तर तिनेच घर धरून ठेवलं होतं, तेही दुखरा पाय लपवून.

मग एक विचार आला, आणि तो आल्यावर जाईना. दवाखान्यात परत जायचं होतं. मॅडम परत विचारतील. आपण परत बरी चालते म्हणायचं, बस. सून कामाला लागेल, खोलीचं कारण संपेल, मुलाला तोंड राहणार नाही. पोराला धरून ठेवायला याहून सोपं काय असणार? पण लगेच तिच्या डोळ्यांसमोर ती पावलं येत, अर्धीच उमटलेली. टाच न टेकता ही बाई किती दिवस घसरण चढेल? सकुबाई पुन्हा तण उपटायला लागे.

पुढच्या आठवड्यात दोघी निघाल्या. एसटीत अक्षदाने दुखणं थांबवायची गोळी काढली, या खेपेला सासूसमोर उघडपणेच. गिळण्याआधी म्हणाली, "आई, मागच्यासारखंच सांगा." सकुबाई खिडकीबाहेर बघत राहिली. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीसुद्धा म्हटलं नाही. अक्षदाने ते हो धरलं.

व्हरांड्यात सगळं तसंच झालं. अक्षदा चालत गेली, चालत आली, मागच्या वेळेपेक्षाही चांगली. तालीम कामी आली होती. हर्षाली मॅडमनी या वेळी तिच्याकडे कमी आणि सकुबाईकडे जास्त पाहिलं. "मावशी, घरी?"

"घरी टाच टेकत नाय," सकुबाई म्हणाली. "बोटांवर चालते. पाय बाहेर टाकते. उकिडवी बसत नाय. येताना गोळी खाऊन आली."

अक्षदा खाटेवर बसली आणि भिंतीकडे तोंड करून राहिली. मॅडम चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मागच्या वेळी तळवा वर ढकलला तेव्हाच तो मधे कुठेतरी अडत होता, म्हणून तर लिहून दिलं नाही. मग त्यांनी दोघींना इमारतीच्या मागे नेलं. तिथे पाण्याच्या टाकीकडे जाणारा खडबडीत उतार होता. त्या अक्षदाला म्हणाल्या, इथून खाली या. अक्षदा दोन पावलं उतरली आणि थांबली. उजवा घोटा वाकत नव्हता, त्यामुळे डावं पाऊल पुढे पडेना. ती तिथे तशीच उभी राहिली, रडवेली, ना वर ना खाली.

"फरशीवर थोडा वेळ कोणीही चालून दाखवू शकतं," मॅडम म्हणाल्या, "गोळी घेतली असेल तर आणखीच. पण तुमचं घर फरशीवर नाही."

एक्स-रे काढला. त्यात मॅडमनी बोट ठेवून दाखवलं: नडगीची दोन हाडं एकमेकांना धरून ठेवणारा एक लांब स्क्रू. हाड जुळेपर्यंत त्याचं काम असतं. आता तो ढिला झाला होता आणि घोट्याला नीट हलू देत नव्हता. मॅडम म्हणाल्या, कल्याणच्या डॉक्टरांनी यासाठी परत बोलावलं असेल. सकुबाईने सुनेकडे पाहिलं. घरी तर तिने सांगितलं होतं, आता कल्याणला जायची गरज नाही.

"दिवाळीनंतर बोलावलं होतं," अक्षदा हळूच म्हणाली. "परत कापाकापी, परत महिने जाणार म्हणून नाय गेले."

म्हणजे फसवणूक झालीच होती, आणि तिचा हिशोब सकुबाईने लावला होता त्याच्या अगदी उलटा निघाला. मॅडमनी समजावलं, काढायचं ऑपरेशन मोठं नाही, पण त्यानंतर इथे रोज व्यायामाला यावं लागेल. आत्ता टाळलं तर घोटा असाच आखडून राहील आणि मग काही करता येणार नाही. रोज म्हणजे किन्हवलीच्या पुढून येऊन जाऊन होणार नव्हतं. हे त्या तिघींनाही कळत होतं. सकुबाईला सगळ्यात आधी कळलं.

परतीच्या एसटीत अक्षदा वेगळ्या सीटवर बसली. उतरल्यावर घसरणीच्या पायथ्याशी मात्र तिला थांबावं लागलं. सकुबाईने खांदा पुढे केला. तिने हात ठेवला, पण तोंडाने म्हणाली, "काय मिळाला तुमाला, आई? माझी जागा गेली आणि तुमचा मुलगा पण चालला."

"पाय तुझा आहे," सकुबाई म्हणाली.

कल्याणला स्क्रू निघाला. साईनाथने शहापूरची खोली घेतली, आता कारण खरंच होतं. थोडी भांडी, गादी आणि गॅसची शेगडी टेम्पोत घालून दोघं गेली. अक्षदा निघताना पाया पडली, पण बोलली नाही. लहानी येऊन म्हणाली, बघ, गेली ना शेवटी, मी म्हणत होते. सकुबाईने तिला उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं तर आपल्याच तोंडाने आपण त्यांना घालवलं हे सांगावं लागलं असतं. साईनाथ म्हणाला होता, पावसाळ्याच्या आत परत येऊ. अनंता पण असंच काहीतरी म्हणाला होता, आणि सकुबाईने तेव्हा विश्वास ठेवला होता. आता ती ठेवणार नव्हती.

फाल्गुनात वालाच्या शेंगा आल्या तशी तिने पिशवी भरली आणि न कळवता शहापूर गाठलं. न कळवता जाण्यात हेतू होता. फोनवर साईनाथ सांगायचा, पाय छान आहे. पण छान म्हणजे काय ते तिला स्वतः बघायचं होतं, आणि ते सुनेला माहीत नसताना. योग असा, की स्टँडवरून बाजारात शिरल्यावर पुढे भाजीवाल्यापाशी अक्षदाच दिसली. सकुबाईने हाक मारली नाही. मधे माणसं राहतील इतकं अंतर ठेवून ती मागे मागे चालू लागली.

अक्षदाच्या हातात भाजीची पिशवी होती. तिला घाई नव्हती. गर्दीत कोणाचा धक्का लागला तर ती उजव्या पायावर तोल सावरायची. बाजार संपून रस्ता खाली उतरतो तिथे सकुबाई चपापून थांबली. अक्षदा उतारावरून उतरली. जरा सावकाश, पण आधी टाच, मग तळवा. उतार संपल्यावर ती वळली.

"आई, किती वेळ मागनं येताय?"

सकुबाई ओशाळली. पिशवी पुढे करत म्हणाली, शेंगा आणल्यात. अक्षदाने पिशवी घेतली. तिला हसावं की रागवावं कळत नसावं, पण रस्त्यातच उभी राहून तिने सगळं सांगून टाकलं: मॅडम रोज किती छळतात, भिंतीला हात टेकून पोटरी कशी ताणायची, सकाळी थंडीत घोटा अजून आखडतो, जड ओझं घेऊन चढायला अजून वेळ लागेल. मग म्हणाली, "पुढल्या खेपेला काय बघायचं असेल तर तोंडानं सांगा. मी चालून दाखवीन."

खोली छोटी होती, स्वच्छ होती, साईनाथ तिथे निवांत दिसत होता. चहा पिताना सकुबाईने खोलीचा कानाकोपरा न्याहाळला. भिंतीला नवीन फळी ठोकलेली, खिडकीला पडदा. थोड्या दिवसांसाठी राहणारं माणूस फळी ठोकतं का? हे तिने विचारलं नाही, पण मनात ठेवून घरी आली.

आणि तिचा तो संशय अर्धा खरा निघाला. वैशाखात एका दुपारी ती ओट्यावर आमसुलं वाळत घालत होती, तेव्हा घसरणीवरून कोणी वर येताना दिसलं. अक्षदा होती, एकटी, खांद्याला बॅग. मधल्या कातळापाशी थांबली, दम खाल्ला आणि उरलेली चढण चढून अंगणात आली. हर्षाली मॅडमनी लिहून दिलं होतं. सुपरवायझर मॅडमना भेटूनच ती आली होती. कुणाली काही दिवस मदतीला राहणार होती, सोमवारपासून अंगणवाडी पुन्हा अक्षदाची. सकुबाईने विचारलं, आणि साईनाथ? अक्षदाने बॅग खाली ठेवली. तो म्हणतो, शिफ्टचे दिवस खोलीवरच राहतो, सुट्टीला येईन.

तशीच सवय पडली. पाऊस लागला, भाताची आवणी झाली, सासू-सून दोघी चिखलात उभ्या राहिल्या. अक्षदा बांधावर बसून बसून, पण राहिली. सकुबाई तिला जड मोळी उचलू देत नसे. अक्षदा पाणी आणायला गेली तर सासूने लगेच मागे यायचं नाही, असं दोघींत ठरलं होतं, तरी सकुबाई कधीकधी विहिरीच्या वाटेवर डोकावून येई.

साईनाथ आधी दर सुट्टीला आला, मग एक सुट्टी चुकली. एके संध्याकाळी त्याचा फोन आला, या वेळीही जमणार नाही, ओव्हरटाइम आहे. अक्षदाने फोन ठेवला आणि तांदूळ निवडायला बसली. सकुबाईने सुपातला एक खडा बाजूला केला आणि विचारलं:

"खरंच असेल का गो ओव्हरटाइम?"

"मी पण तेच इचारलं त्याला," अक्षदा म्हणाली. "उद्या सुट्टी हाय ना मला. जाऊन बघू दोघी."